रेणूची बादली

भिलाईत बंद दाराला फार मान आहे.

बाहेरच्या माणसाला हे सांगून पटायचं नाही. आमच्या सेक्टर 10 मध्ये एखाद्या मुलाने खोलीचं दार लावून घेतलं, की गल्ली समजून जाते, पोरगं परीक्षेला बसलं. मग शेजारचा टीव्ही हळू होतो. भाजीवालीला लोक हातानेच खुणावतात, इथे ओरडू नको. मिक्सर मागच्या अंगणात नेऊन फिरवतात. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला याचं नवल वाटायचं. नंतर मीही तशीच झाले. इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये घाम गाळणाऱ्या माणसाला मुलांसाठी एकच वाट दिसते, शिक्षणाची, आणि शिक्षण म्हटलं की बंद दार. ते कोणी वाजवायचं नाही.

रेणूची गोष्ट या दारापासूनच सुरू होते.

रेणू म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शालिकरामभाऊंची मुलगी. शालिकरामभाऊ कोक ओव्हनमध्ये आहेत, जिथे दगडी कोळसा भाजून लोखंडाच्या भट्टीसाठी तयार करतात तिथे. मूळचे साकोलीकडचे, धानाच्या शेतीतले. रेणूची आई सिंधुताई माझ्याच माहेरच्या बाजूची, म्हणून रेणू मला मावशी म्हणते. उंच मुलगी, आवाज जरा घोगरा. लहानपणी माझ्या घरी आरतीला येऊन सगळ्यांच्या वर सूर लावायची आणि प्रसादाला सगळ्यांच्या आधी हात पुढे करायची.

2020 साली टाळेबंदी लागली तेव्हा ती बी.एस्सी. होऊन बँकेच्या परीक्षेची तयारी करत होती. क्लास बंद झाले. परीक्षा पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. प्लांट मात्र बंद झाला नाही. शालिकरामभाऊ ड्यूटीवरून आले की मागच्या दाराने शिरायचे, अंगणातच अंघोळ करायचे आणि व्हरांड्यात वेगळं अंथरूण टाकायचे. रेणूने खोलीचं दार लावून घेतलं. आम्ही सगळ्यांनी आपापले टीव्ही हळू केले.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळीही गेली. सिंधुताई दारापाशी ताट ठेवायची, ताट अर्धं खाऊन परत यायचं. कोणी विचारलं तर अभिमानाने सांगायची, “पोट्टी माणसात नाही आता. नुसती पढून राहिली.”

थंडी पडल्यावर एका सकाळी सिंधुताई मागच्या अंगणात रखिया बडी घालत होती. इकडे छत्तीसगडात कोहळा किसून उडदाच्या डाळीत फेटतात आणि त्याच्या वड्या उन्हात वाळवतात. आम्हीही आता दरवर्षी करतो. मी भिंतीच्या अलीकडून गप्पा मारत होते. तेवढ्यात रेणू बाहेर आली. उन्हाने डोळे बारीक झालेले, केसांचा गुंता. खाटेजवळ उकिडवी बसली, दोन वड्या घातल्या आणि म्हणाली,

“आई, मी अभ्यास करून नाही राहिली.”

“मंग काय करून राहिली?”

“काहीच नाही. भिंतीकडं पाहून राहिली.”

“आजच्या दिवस?”

“नाही. उन्हाळ्यापासून.”

सिंधुताईचा हात पिठातच राहिला. तिला वाटलं, काहीतरी घडलं असेल, कोणी काही बोललं असेल. खोदून खोदून विचारलं. रेणू मान हलवत राहिली. पुढे एकदा तिनेच मला सांगितलं, “काही झालं नव्हतं, मावशी. काही झालं असतं तर सांगाले सोपं गेलं असतं.”

मला या मुलीचं कौतुक वाटतं ते इथून. त्या दारामागे ती आणखी वर्षभर बसून राहिली असती तरी तिला कोणी विचारलं नसतं, उलट शाबासकीच मिळाली असती. ती शाबासकी सोडून ती आपल्या पायांनी बाहेर आली आणि खरं बोलली.

शालिकरामभाऊ पहिल्या पाळीवरून आले. सिंधुताईने रडत रडत सांगितलं. मला वाटलं आता हा माणूस चिडणार. ते पायरीवर बसून बूट काढत राहिले. मग म्हणाले, “आमच्याकडं कोळसा कमी पडला तं भट्टी विझवत नाही. काम नसलं तरी गरम ठेवतो. थंड झाली का आतली वीट तडकते, मंग ते भट्टी गेलीच समज.” आणि रेणूकडे पाहून, “तू आता परीक्षा गिरीक्षा सोड. आंच कमी राहिली तरी चालते. विझू नाही द्यायची. उद्या दवाखान्यात जाऊ.”

मनाच्या डॉक्टरीणबाई मिळाल्या. सुरुवातीला फोनवर बोलायच्या, मग बोलावू लागल्या. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी रोज थोडं हात हलवायचं काम सांगितलं होतं, म्हणून शालिकरामभाऊंनी अंगणातल्या झाडांना पाणी घालायचं काम रेणूकडे दिलं. नळाला पाइप असूनही ती बादलीनेच घालायची. म्हणायची, पाइपाने लवकर संपते.

गल्लीत गोळ्यांचं काय सांगायचं, हा प्रश्न सिंधुताईने स्वतःच सोडवला. “रेणूला थायराइड निघाला,” असं तिने सगळ्यांना सांगितलं. थायराइडला आमच्या गल्लीत इज्जत आहे. चार घरं सोडून कोणाला ना कोणाला असतोच. लोकांनी धण्याचं पाणी सुचवलं, सिंधुताईने मान डोलावली, आणि रेणूने ते कडू तोंड करून प्यायलंही.

ती हळूहळू माणसात आली. एकदम नाही. दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा पांघरुणात. पण चौथ्या दिवशी बादली घेऊन उभी असायची.

मग पुढच्या वर्षीचा एप्रिल आला, कोरोनाची दुसरी लाट घेऊन. तो एप्रिल आमच्या जिल्ह्यात ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. मी देवापुढे दिवा लावायची आणि कोणाकोणासाठी मागायचं ते आठवेपर्यंत वात अर्धी व्हायची.

आमच्या घरामागे एक अरुंद बोळ आहे, आणि बोळापलीकडे विजयकुमारभाऊजींचं घर. ते प्लांटच्या ऑफिसात क्लार्क होते. नागपूरकडचे, शांत माणूस, शेगावच्या महाराजांचे भक्त. बायको शैलावहिनी, आणि एकुलता एक मुलगा कौस्तुभ, नुकताच इंजिनिअर झालेला, रेणूपेक्षा थोडा लहान. ताप आधी कौस्तुभला आला, मग भाऊजींना. कौस्तुभ घरीच बरा झाला. भाऊजींना दवाखान्यात न्यावं लागलं, आणि ते परत आले नाहीत. मुलाला खांदाही देता आला नाही. तो तेव्हा घरातच वेगळ्या खोलीत होता.

तेरावं झालं, तसं ते उरकावं लागलं म्हणा. आणि कौस्तुभने दार लावून घेतलं.

शैलावहिनी फाटकात उभी राहून सांगायची, “त्याच्या बाबांची इच्छा होती ना, त्याने मोठी सरकारी परीक्षा पास करावी म्हणून. जिद्दीला पेटला आहे. बोलतसुद्धा नाही कोणाशी.” सांगताना तिचे डोळे भरायचे, आणि त्यात अभिमानही असायचा. तिच्याजवळ धरून ठेवायला तेवढंच उरलं होतं. गल्लीने पुन्हा आवाज हळू केले.

नवतपा लागला. मे संपतानाचे ते नऊ दिवस आमच्याकडे इतके तापतात की दोरीवर टाकलेलं लुगडं शेवटचा चिमटा लावेपर्यंत पहिल्या टोकाला वाळतं. मी कपडे वाळत घालत होते, रेणू माझ्या तुळशीला पाणी द्यायला आली होती. एकदम म्हणाली,

“मावशी, कौस्तुभचा कूलर पाहा.”

त्याच्या खोलीची खिडकी बोळात उघडते, आणि कूलर खिडकीला बाहेरून लावलेला. मी म्हटलं, “काय झालं त्याला?”

“गवत पाहा त्याचं. वाळून झाडू झालं. यंदा त्याच्यात पाणीच पडलं नाही. नवतप्यात कोणी कूलर लावल्याबिगर पढते काय?”

“मोटर बिघडली असेल गं.”

“मोटर बिघडली तं माणूस बाहेर येऊन झोपते, चिडते, मेकॅनिकले फोन करते.” ती खिडकीकडे वळली. “मी पण पंखा लावत नव्हती, मावशी. उठून बटन दाबाले पण आतमध्ये कोणी तरी लागते.”

तिने माझीच बादली भरली, मास्क वर ओढला आणि बोळात गेली. कूलरचं झाकण उचलून पाणी ओतलं. मग खिडकीजवळ तोंड नेऊन म्हणाली, “कौस्तुभ, मी रेणू. भूत नाही. पाणी टाकून राहिली. दार नको उघडू, तोंड नको दाखवू. मी पण नाही दाखवत, मास्क आहे.”

आतून हूं की चूं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. कालचं पाणी तसंच होतं, उन्हाने जेवढं आटलं तेवढंच कमी. तिने एक तांब्या टाकला आणि बोलत बसली. काहीही बोलायची. “आज भाजीवाल्या मैनाबाईचा चष्मा फुटला. दोडके देऊन राहिली अन् म्हणते, ले नोनी, भेंडी आहे. आई म्हणे, इतकी लांब भेंडी? तं मैनाबाई म्हणे, यंदा पीकच तसं आहे.” मी भिंतीआड हसले. खिडकी हसली नाही.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी रेणूने जेमतेम तोंड उघडलं आणि कूलर धाडकन सुरू झाला. पाणी गवतावर पडायला लागलं, पंखा घरघरायला लागला. जुना लोखंडी कूलर. तो चालू असला की शेजारचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत नाही. रेणू उड्या मारतच माझ्याकडे आली.

“मावशी, लावला!”

“अगं वेडे, तुझं तोंड बंद करायला लावला त्याने.”

“हाव ना! पण उठला ना!”

मला खरंच तिची कमाल वाटली. कोणी आपल्या तोंडावर कूलर लावला तर आपण आठ दिवस त्या घराकडे पाहणार नाही. ही दुसऱ्या दिवशी दोन बादल्या घेऊन गेली, कारण आता पाणी जास्त लागणार होतं.

असे काही दिवस गेले. ती ओतायची, तो लावायचा. मग एका दुपारी ती आपलं काहीतरी सांगत असताना कूलर थांबला. मी दोरीपाशीच होते. आत शिरावं की थांबावं कळेना. शेवटी थांबले. पुढचं थोडं मी ऐकलं, थोडं नंतर दोघांनी सांगितलं, आणि दोघांना विचारूनच इथे लिहिते आहे.

“दीदी,” आतून आवाज आला, बऱ्याच दिवसांत न वापरलेला, “तुले कोणी सांगितलं, मी पढ़ नहीं रहा?”

“तुझ्या कूलरने.”

आत खाट करकरली. मग म्हणाला, “बीमारी घर में मैं ही लाया. बाबा माझ्यामुळं गेले.”

मी असते तर लगेच म्हटलं असतं, छे रे, असं नसतं बाळा, देवाची इच्छा. रेणूने तसं म्हटलं नाही. ती म्हणाली, “मले नाही माहीत कोणी आणली. तुले पण नाही माहीत. तुझे बाबा ऑफिसले जात होते, माझे बाबा अजून प्लांटले जातात. कोणालेच नाही माहीत. तू स्वतःच जज होऊन स्वतःलेच सजा देऊन राहिला.”

“सुबह आँख खुलते ना, तेव्हाच बुरा वाटते. कावून खुली म्हणून.”

रेणूने बादली खाली ठेवली. तो आवाज मला ऐकू आला.

“मरायचं मनात येते काय?”

माझ्या मनात आलं, असं कोणी कोणाला विचारतं का? नंतर डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, की विचारावं, सरळ विचारावं. विचारल्याने मनात येत नाही, आलेलं बाहेर पडतं. रेणूला ते तिच्या वेळी त्यांनी विचारलं होतं म्हणून ठाऊक होतं.

“कधी कधी,” तो म्हणाला.

“आज?”

“आज नाही.”

“ठीक. मी तुझ्या आईले सांगून राहिली. तुले विचारत नाही, सांगते. लपवून काही नाही करणार.”

“दीदी, नको. मम्मीको मत बता. वादा कर.”

“नाही करत. दुसरा कोणता पण माग.”

कूलर धाडकन सुरू झाला, फुल स्पीडवर.

ती तशीच ओल्या हातांनी फिरून शैलावहिनीच्या दारात गेली. मला राहवलं नाही, मीही गेले. सिंधुताई तिथेच फाटकाबाहेर मैनाबाईकडून भाजी घेत होती, तीही आली. शेजारच्या दोघीतिघी आपापल्या पायरीवर उभ्या होत्या. रेणूने शैलावहिनीला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं. पण शैलावहिनीचा आवाज हळू राहिला नाही.

“माझा मुलगा अभ्यास करतो आहे! वेडा नाही तो. नवरा गेला माझा, आता मुलालाही लोकांनी वेडं ठरवायचं काय? तुला बँकेची परीक्षा जमली नाही, म्हणून दुसऱ्याचं बंद दार बघवत नाही तुला?”

रेणूचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ही रडणार आणि पळणार. तेव्हा तिच्यासाठी एक स्थळही चालू होतं, इथून जवळच्या चरोद्याचं, रेल्वेतला मुलगा. त्यांच्या नात्यातल्याच एक बाई समोरच्या पायरीवर उभ्या होत्या. हे रेणूला माहीत होतं. त्या बाईंकडे तिने एकदा पाहिलंही.

मग म्हणाली, “काकू, मले थायराइड नाही.”

मैनाबाई तराजू धरून थांबली.

“मी मनाची गोळी घेते. मागच्या साली मी पण दार लावून बसली होती. सगळे समजत होते पढून राहिली. मी वेडी दिसते काय तुम्हाले? दिसत असली तं सांगा. अन् नाही दिसत, तं त्याले त्याच डॉक्टरकडं जाऊ द्या.”

शैलावहिनीने सिंधुताईकडे पाहिलं, जणू आईने तरी हे खोटं आहे म्हणावं. सिंधुताईच्या ओच्यात दोडके होते. ती एक क्षण खाली बघत राहिली. ही बाई लोकांना इतकी भिते की तिने मुलीला न झालेला आजार लावला होता. ती वर पाहून म्हणाली,

“हाव, शैलाताई. थायराइड मीच लावला तिले. लोकायच्या तोंडाले भेऊन. पोट्टी खरं बोलून राहिली.”

शैलावहिनीने दार लावून घेतलं. ती दार लावत असताना रेणू एवढंच म्हणाली, “काकू, डॉक्टरचं पाहा तुमच्या मनाने. पण आजपासून त्याले एकटं नका झोपू देऊ. येवढं ऐका.”

संध्याकाळी सिंधुताई माझ्याकडे येऊन बसली. म्हणाली, “चरोदा गेलं समज.” आणि खरंच, दोन दिवसांनी निरोप आला की पत्रिका जमत नाही. रेणू म्हणाली, “बरं झालं. रोज त्या रेल्वेच्या शिट्ट्या कोण ऐकते.” हसली, पण त्या दिवशी ती झाडांना पाणी द्यायला आली नाही, आणि दुसऱ्या दिवशीही पांघरुणातच होती. मी महाराजांच्या फोटोपुढे बसले आणि म्हटलं, महाराजा, एकाला वाचवताना दुसरीला बुडवू नको. शालिकरामभाऊ ड्यूटीवरून आले, तिच्या खाटेशी बसून म्हणाले, “वीट शाबूत आहे ना?” पांघरुणातून आवाज आला, “आहे.” “मंग झालं.”

तिसऱ्या दिवशी ती बोळात होती, बादली घेऊन. तिची चाहूल लागली की कूलर सुरू व्हायचा. ती त्या घरघरीतच काहीतरी बोलायची आणि परत यायची. मी विचारलं, ऐकू तर येत नाही त्याला, मग काय बोलतेस? “म्हणते, राग असू दे, उद्या पण येईन. ऐकू नाही आलं तरी पाणी तं दिसते न.”

इकडे शैलावहिनीने दार कोणासाठी उघडलं नाही. पण मला माझ्या मागच्या खिडकीतून दिसायचं, की रात्री ती आपली गादी उचलून कौस्तुभच्या खोलीकडे नेते. मी रेणूला सांगितलं. तिने सुटकेचा श्वास सोडला.

आणि मग एक दिवस, नवतपा सरला होता पण ऊन उतरलं नव्हतं, रेणू झाकण उचलून पाणी ओतत होती आणि चालू कूलर बंद झाला. पंखा दोनदा फिरून थांबला. गवतातून पाणी ठिबकत राहिलं. त्या ओल्या वासाच्या मागून कौस्तुभ म्हणाला,

“दीदी, मम्मी रोज रात को माझ्यासोबत जागते. आता तयार झाली आहे. तुझी डॉक्टर कब बैठती है?”

रेणूने माझी बादली बोळातच टाकली आणि चपला घालायला धावली.

कौस्तुभ बरा व्हायला पुष्कळ वेळ गेला. मधे पुन्हा एकदा फार खाली गेला होता, तेव्हा शैलावहिनीने स्वतः रेणूला हाक मारली. ती मोठी परीक्षा त्याने दिलीच नाही. आता रायपूरला नोकरी करतो, शनिवारी घरी येतो, आणि चैत्रात आमच्या घरचा कूलर उतरवून गवत बदलून देतो. रेणू बी.एड. करून वैशाली नगरच्या एका शाळेत आठवीला गणित शिकवते. छोटी गोळी अजून चालू आहे. कोणी विचारलं की सांगते, “मनाची आहे. थायराइडची नाही.” सिंधुताई अजूनही दर वेळी इकडे तिकडे बघते, पण आता तिला थांबवत नाही.

परवाचीच गोष्ट. आमच्या गल्लीतल्या नीतूची बारावी आहे. दोन दिवस तिचं दार बंद होतं आणि गल्लीने सवयीप्रमाणे आवाज हळू केले होते. रेणू शाळेतून येताना सरळ तिच्या घरात शिरली आणि दारावर थाप मारली. नीतूची आई, “अगं, अगं,” करत मागे धावली.

आतून आवाज आला, “पढ़ रही हूँ, दीदी!”

“मंग दार उघडून पढ़.”

नीतूने दार उघडलं. हातात पुस्तक, नाकावर शाई, कपाळाला आठ्या. पोरगी खरंच अभ्यास करत होती.

रेणूला काही ओशाळल्यासारखं झालं नाही. तिने खोलीत डोकावून पंखा चालू आहे ना ते बघितलं, नीतूच्या आईला म्हणाली, “काकू, चहा टाका, तिघींचा,” आणि तिथेच पलंगावर बसली.